कावसजीचं नाक आणि आमच्या रूममेटचा जबडा

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाला लेख द्या, असं संपादक दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी मी प्रोजेक्टच्या गो-लाइव्हचं कारण सांगून सुटका करून घेतो. यंदा पळवाट उरली नाही. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, रियाधला आलो आणि इथंच रमलो. पण एका दिवाळीत हाडं, दात आणि तारा यांच्याशी असा संबंध आला की तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी त्यावरच वाचत बसायची सवय लागली. ते वाचलेलं थोडं तुमच्यासमोर मांडतो. चुकलो तर आपल्यातल्या डॉक्टर मंडळींनी कान धरावा.

२०१७ सालची गोष्ट. दसरा होऊन गेला होता, हवा जरा बरी झाली होती. रूममेट म्हणाला, चल थुमामाला वाळूत चहा पिऊन येऊ. गाडी मी चालवत होतो. परतताना अंधार पडत आला होता. मागच्या सीटवरचा थर्मास काढायला त्यानं बेल्ट सोडला आणि तो मागं वळला. नेमका त्याच वेळी रस्त्यावर उंट आला. उंटाला धडकणं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यांना सांगायला नको. पाय उंच असल्यामुळे गाडी त्याच्या पायांना लागते आणि सगळं धूड काचेवर येऊन पडतं. हे डोक्यात असल्यामुळे मी स्टिअरिंग जोरात फिरवलं. उंट वाचला. गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि दगडांच्या ढिगाला जाऊन आदळली. माझ्या छातीवर बेल्टचा काळानिळा पट्टा उठला, एवढंच. त्याचं तोंड डॅशबोर्डवर आपटलं.

रेड क्रेसेंटची गाडी आली, हॉस्पिटल झालं, मुरूरचे कागद झाले. ते सगळं सांगत बसत नाही. रात्री उशिरा डॉक्टरांनी स्कॅन कॉम्प्युटरवर उघडून दाखवला. माझ्या मित्राची कवटी पडद्यावर गोल फिरत होती. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. एक भेग हनुवटीच्या उजव्या बाजूला, आणि दुसरी पार डावीकडे, कानापुढे जिथं जबड्याचा सांधा असतो तिथं. मी विचारलं, मार तर एकाच बाजूला बसलाय, मग दुसरीकडे कसं मोडलं? पुढं वाचनात उत्तर सापडलं. जबडा साधारण बांगडीसारखा असतो. काचेची बांगडी कधी एकाच जागी फुटलेली पाहिलीय का? दाबली इथं, तर तडकते तिथंही.

ते डॉक्टर मूळचे इजिप्तचे, वयस्कर, बोलके. फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, कुठले तुम्ही? म्हटलं, इंडिया. इंडियात कुठं? म्हटलं, पूना, बॉम्बेजवळ. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मग तुम्हाला कावसजी माहीत असणार. मला वाटलं, कुणी पारशी पेशंट असेल त्यांचा. मी मान हलवून नाही म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, आमच्या विषयाचं कुठलंही जुनं पुस्तक उघडा, पहिल्या प्रकरणात तुमचं गाव आहे.

पुण्यात जन्मलो, शनिवारवाड्यासमोरून रोज कॉलेजला गेलो, आणि माझ्या गावाचं नाव जगभरच्या सर्जरीच्या पुस्तकांत कशासाठी आहे ते मला रियाधमध्ये एका मिसरी माणसानं सांगावं! त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाईलवर शोधलं. झोप तशीही येणार नव्हती.

तर हा कावसजी. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे एकत्र लढले ते युद्ध १७९० ते १७९२ या काळातलं. आपल्याकडून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन श्रीरंगपट्टणपर्यंत गेले होते. त्या काळात फौज चालायची ती बैलांच्या पाठीवर. दाणागोटा, दारूगोळा, तंबू, सगळं बैलांवर. कावसजी इंग्रजांच्या फौजेतला असाच एक बैल हाकणारा. इंग्रजी लिखाणात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटलंय. नाव तेवढं पारशी वाटतं, पण साहेबांच्या कानानं टिपलेलं ते नाव मूळचं कावजी असणार, असं आपलं मला वाटतं. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात कापून सोडून दिलं.

मराठीत नाक कापलं जाणं हा वाक्प्रचार आहे, आपण तो परीक्षेत नापास होण्यापासून लग्न मोडण्यापर्यंत कशालाही वापरतो. ती खरोखरची शिक्षा होती, हे विसरायला झालंय. हात तुटला तर लोक हळहळतात. नाक नसलं की लोक मान फिरवतात.

साधारण वर्षभर कावसजी तसाच राहिला. मग पुण्याजवळ एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, हकीम नव्हता. इंग्रजी मजकुरात तो वीट भाजणाऱ्या जातीचा, म्हणजे आपला कुंभार, एवढंच लिहिलंय. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. कावसजीचं नाव राहिलं, चित्रकाराचं राहिलं, बघायला उभ्या असलेल्या दोन साहेब डॉक्टरांची नावं राहिली. ज्यानं काम केलं तो मात्र बिननावाचा. आमच्या धंद्यात कोड लिहिणारा एक आणि प्रेझेंटेशनवर नाव दुसऱ्याचं, हे नेहमीचंच. पण दोनशे वर्षांपूर्वीही तेच चाललं होतं हे बघून गंमत वाटली आणि वाईटही वाटलं.

बघायला असलेले दोघे म्हणजे मुंबई इलाख्याचे डॉक्टर थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले. त्यांनी पाहिलेली कृती लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका पत्रातून छापून आली. ती अशी. आधी मेणाचा पातळ पत्रा करून तो उरलेल्या नाकाच्या जागी नीट बसवायचा, म्हणजे नाकाचा आकार मिळाला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेनं रेघ ओढायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलून काढायची, पण पूर्ण नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. मग नाकाच्या जुन्या व्रणाची कड ताजी करायची, त्यात खाच पाडायची, कपाळाची कातडी पिळा देऊन खाली वळवायची आणि तिची कड त्या खाचेत बसवायची. टाके नाहीत. वर कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. हो, तोच कात, जो आपण पानात घालतो. तो आवळून धरतो आणि रक्त थांबवतो. चार दिवस हे तसंच ठेवायचं, मग काढून तुपात भिजवलेली फडकी घालायची. रोग्यानं पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापायची.

ही पट्टी म्हणजे सगळी किमया आहे. ती आहे तोवर कपाळाकडून नव्या नाकाला रक्त मिळत राहतं. खालून रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या की मग तिची गरज संपते. आजही कॅन्सरमध्ये नाकाचा भाग काढावा लागला तर सर्जन कपाळाची कातडी अशीच खाली आणतात आणि जोडपट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात. पंचवीस दिवस आणि तीन आठवडे, यात फारसं अंतर नाही! कुंभाराला रक्ताभिसरणाचा सिद्धांत कुणी शिकवला असेल असं वाटत नाही. पण ओली माती ओलीला चिकटते, सुकली की भेग पडते आणि किती दिवसांनी भांड्याला हात लावायचा, हे ज्याच्या हातात मुरलंय त्याला कातडीचंही कळलं असावं. हा माझा तर्क आहे, पुरावा मागू नका.

पुण्यात तेव्हा जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणारा तोच. त्यानं १७९४ च्या जानेवारीत कावसजीचंही चित्र काढलं. म्हणजे ज्या कुंचल्यानं पेशवा रंगवला, त्याच कुंचल्यानं हा बैलवालाही. त्या चित्राचे ठसे विलायतेत गेले.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जननं हे सगळं मनावर घेतलं. वर्षानुवर्षं प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर तीच पुण्याची कृती केली. भूल नव्हती, ती यायला अजून तीस वर्षं होती. १८१६ साली त्यानं पुस्तक लिहिलं. ते जर्मनीत पोचलं आणि १८१८ साली बर्लिनच्या फॉन ग्रेफनं आपल्या ग्रंथाला राइनोप्लास्टिक असं नाव दिलं. प्लास्टिक सर्जरीतला प्लास्टिक हा शब्द रूढ झाला तो याच वाटेनं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ माहीत आहे का? ओल्या वस्तूला आकार देणं. म्हणजे कुंभारकाम!

आपल्याकडे कावसजीची गोष्ट सांगताना लोक एका दमात सुश्रुतापर्यंत जातात. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक जोडण्याची कृती आहेच, पण तिथं कातडी गालाची घ्यायला सांगितलीय, माप घ्यायला झाडाचं पान, आणि नाकात श्वासासाठी दोन नळ्या. पुण्याच्या कुंभारानं कपाळ वापरलं. तेव्हा ही पोथीत वाचून केलेली कृती नव्हती, हातातून हातात आलेली होती, असं मला वाटतं. आपण सगळंच ग्रंथांच्या नावावर मांडतो आणि अडाणी समजल्या जाणाऱ्या कारागिराला वाट्याचं श्रेय देत नाही, ही आपली जुनी खोड.

आता मोडक्या हाडांकडे वळू. माझ्या मित्राच्या नाकाला काही झालं नव्हतं.

मोडलेल्या हाडांबाबत सुश्रुत खरोखर थोर आहे. हाडांचे पाच प्रकार करून प्रत्येक प्रकार कसा मोडतो ते तो सांगतो. नाक-कानातली तरुण हाडं वाकतात, लांब नळीसारखी मोडतात, कवटीची चपटी हाडं फुटतात, दात तडकतात. सांध्यातून निसटलेल्या जबड्याला शेक द्यायचा, जागेवर बसवायचा आणि पंचांगी नावाचा बंध बांधायचा, असा त्याचा उपाय. इजिप्तमध्ये सापडलेल्या एडविन स्मिथ नावाच्या पपायरसवर, म्हणजे इसवीसनापूर्वी सोळाशेच्या सुमारास, निसटलेला जबडा अंगठे तोंडात घालून कसा बसवायचा ते लिहिलंय, आणि आजही इमर्जन्सीतला डॉक्टर तसाच बसवतो. पण त्याच पपायरसमध्ये उघड्या जखमेसह मोडलेल्या जबड्याबद्दल निकाल दिलाय, की या रोग्यावर उपचार करू नये. आमच्या मित्राला मी हे नंतर वाचून दाखवलं. तो दात आवळूनच हसला, दुसरा इलाजच नव्हता.

आपण ज्या देशात राहतो त्याच्या भाषेचाही या गोष्टीत मोठा वाटा आहे. बगदादच्या खलिफांच्या काळात बर्मकी वजिरानं मन्का नावाच्या भारतीय वैद्याकडून सुश्रुताचं अरबी भाषांतर करून घेतलं, अशी नोंद अरबी ग्रंथांत आहे. त्यानंतर इ.स. १००० च्या सुमारास स्पेनमधल्या कॉर्दोबाजवळ अबुल कासिम अल-झहरावी झाला. त्याच्या नावापुढं अल-अन्सारी लागतं, म्हणजे त्याचं घराणं मूळ मदिनेच्या अन्सारांचं. त्यानं तीस भागांचा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला, अल-तसरीफ. शेवटचा भाग सगळा शस्त्रक्रियेचा, आणि त्यात जवळजवळ दोनशे हत्यारांची चित्रं. हलणारे दात सोन्याच्या तारेनं शेजारच्या घट्ट दातांना बांधायची त्याची चित्रासकट कृती आहे. सोनं का, तर चांदी काही दिवसांत काळी पडते आणि खराब होते. ही तारेची कल्पना त्याच्याआधी ग्रीक हिप्पोक्रेटीसकडेही होती. झहरावीचा ग्रंथ बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला आणि पुढं काही शतकं युरोपातले सर्जन त्यावर शिकले.

पण शेजारचे दात एकमेकांना बांधणं वेगळं आणि खालचे दात वरच्या दातांना बांधून तोंडच बंद करणं वेगळं. हे दुसरं इटलीच्या विल्यम ऑफ सालिचेतोनं तेराव्या शतकात सांगितलं, लोक विसरले, आणि १८८७ साली अमेरिकेतल्या गिल्मरनं पुन्हा वर काढलं. त्यामागचा विचार मला फार आवडला. जबडा आत कसा बसलाय ते बाहेरून दिसत नाही. पण वरच्या आणि खालच्या दातांची चावण्याची जागा जन्मभर घासून पक्की झालेली असते. ते दात पूर्वीसारखे एकमेकांत बसले, म्हणजे हाडंही जागेवर आली. आमच्या भाषेत हा चेकसम. सगळी फाइल उघडून बघायची गरज नाही, शेवटचा आकडा जुळला की झालं. दात वापरायचे म्हणून दातांचे डॉक्टर या कामात पुढं आले. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री सिवर्ड १८६५ च्या एप्रिलमध्ये घोडागाडीतून पडला आणि त्याचा जबडा मोडला. नऊच दिवसांनी, ज्या रात्री लिंकनवर गोळी झाडली गेली त्याच रात्री, मारेकऱ्यानं अंथरुणात पडलेल्या सिवर्डच्या तोंडावर सुऱ्याचे वार केले. त्याच्या जबड्यासाठी कडक रबराचा साचा बनवला तो गनिंग नावाच्या दंतवैद्यानं.

आणि मग येतो फ्रान्सच्या लील गावचा रने ल फोर. याच्याबद्दल वाचताना अंगावर काटा येतो. तोपर्यंत समजूत अशी, की चेहरा कुठंही कसाही फुटतो. ल फोरनं पस्तीस प्रेतांची डोकी घेतली, कधी सोट्यानं मारून, कधी टेबलाच्या कडेवर आपटून फोडली, मग मांस उतरवून हाडावर कुठं कुठं भेगा पडल्या ते टिपलं. १९०१ साली त्यानं छापलं, की मार कसाही बसो, वरच्या जबड्यात भेगा ठरावीक तीन रेषांवर जातात. पहिली वरच्या दातांच्या जरा वर, आडवी. दुसरी नाकाच्या मुळापासून दोन्ही गालांकडे उतरणारी, त्रिकोणी. तिसऱ्या प्रकारात सगळा चेहराच कवटीपासून सुटतो. आज जगातला कुठलाही सर्जन ल फोर एक, दोन, तीन असं म्हणतो ते यामुळे. टेस्टिंग टीमनं सिस्टिम मुद्दाम मोडून पाहावी आणि ती कुठं मोडते त्याचा नकाशा बनवावा, तसलंच हे. या माणसानं पुढं चेहऱ्याच्या कामात काही आयुष्य घालवलं नाही. पण एकाच कामानं नाव अमर झालं.

पहिल्या महायुद्धात खंदकातून डोकं वर काढलं की तोंडावर गोळी. मूळ न्यूझीलंडचा हॅरॉल्ड गिलीज यानं १९१७ साली लंडनजवळ सिडकपला खास चेहऱ्याच्या जखमांचं हॉस्पिटल उभं केलं. पाच हजारांवर सैनिक, अकरा हजारांवर शस्त्रक्रिया. फ्रान्समध्ये त्याला या कामाची गोडी लावणारा व्हॅलाडिए हा दंतवैद्य आपल्या रोल्स-रॉइसमध्येच दातांची खुर्ची बसवून हिंडायचा! गिलीजच्या लोकांना एक गोष्ट कळून चुकली. नुसती कातडी ओढून आणून भागत नाही. खाली हाडाचा किंवा कूर्चेचा आधार नसेल तर केलेलं नाक, केलेली हनुवटी काही महिन्यांत आकसून बसते. आधी सांगाडा, मग वरचं आवरण. मांडवाचे खांबच नसतील तर वर कापड टाकून काय उपयोग?

गिलीजच्या हाताखाली शिकलेला एक माणूस परत पुण्यात आला, ही मला या सगळ्या कहाणीतली सगळ्यात जवळची जागा वाटते. डॉ. नोशीर अँटिया. विलायतेहून परतल्यावर त्यांनी पुण्यात काम सुरू केलं आणि कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांच्या हॉस्पिटलात जाऊ लागले. कुष्ठरोगात नाकाचा आतला आधार झिजतो आणि नाक चपटं बसतं. रोग बरा झाला तरी चेहरा सांगत राहतो, आणि घरचे दार उघडत नाहीत. अँटियांनी अशी नाकं आतून अस्तर घालून उभी केली. कावसजीनंतर दीडशेच्या वर वर्षांनी त्याच पुण्यात, त्याच कारणासाठी, की माणसाला चारचौघांत तोंड दाखवता यावं. पुढं मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात त्यांनी टाटांच्या नावाचा प्लास्टिक सर्जरी विभाग उभारला. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी असाच स्वतंत्र विभाग १९५० च्या दशकात सुरू केला होता. अँटियांना नंतर वाटू लागलं, की मोठ्या हॉस्पिटलातल्या मोठ्या शस्त्रक्रियांनी देशाचं भागणार नाही. १९७५ साली त्यांनी सामुदायिक आरोग्याची संशोधन संस्था काढली, रायगड जिल्ह्यात मांडव्याला गावातल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. २००७ साली ते गेले. इतका निष्णात सर्जन हत्यारं बाजूला ठेवून खेड्यात जातो, आणि आपण पगारवाढीसाठी प्रोजेक्ट बदलतो. असो.

परत रियाधला येतो. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली. हनुवटीजवळच्या भेगेवर टायटॅनियमच्या दोन छोट्या पट्ट्या बसवल्या, बारीक स्क्रूंनी, तोंडाच्या आतूनच. बाहेर एकही टाका नाही. ही पद्धत फ्रान्सचीच. बोर्दोच्या मिशलेनं १९७३ साली आणि स्ट्रासबुर्गच्या शांपीनं त्यानंतर ती पुढं आणली. त्यापूर्वी जबड्याला जाड, भक्कम प्लेटा लावायचे. शांपीनं दाखवून दिलं, की चावताना जबड्यावर ताण कुठल्या रेषेवर येतो ते ओळखून तिथंच पट्टी लावली तर ती इवलीशी असली तरी पुरते. आणि तो फिरणारा स्कॅन? इंग्लंडच्या हाउन्सफील्ड नावाच्या इंजिनिअरनं, डॉक्टरनं नव्हे, बनवलेल्या मशीनवर १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या माणसाचं डोकं तपासलं गेलं. १९७९ चं नोबेल मिळालं त्याला. आमच्या जातीचं कुणीतरी या यादीत आहे म्हणून बरं वाटलं.

पण सांध्याजवळच्या भेगेला डॉक्टरांनी हात लावला नाही. तिथून चेहऱ्याची नस जाते, उघडण्यापेक्षा बंद ठेवून बरी होऊ दे, म्हणाले. म्हणून दातांना वरखाली पट्ट्या बांधून तोंड तारेनं बंद केलं. तीन आठवडे. घरी सोडताना नर्सनं हातात एक छोटी कटर दिली आणि सांगितलं, ही कायम जवळ ठेवायची. उलटी आली तर तार कापायची, नाहीतर गुदमरेल. ती कटर मी दोरीत ओवून त्याच्या उशाशी अडकवली. रात्री तो जरा खोकला की मी उठून बसायचो. बेल्ट त्यानं सोडला होता खरा, पण स्टिअरिंग माझ्या हातात होतं. त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटायचं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होतं. शेजारच्या वहिनींनी फराळ केला आणि याच्यासाठी बेसनाचा लाडू कोमट दुधात विरघळवून, गाळून आणला. दाढांच्या मागं जी फट असते तिथून सिरिंजनं तो पाजायचा. चकलीची भाजणी त्यांनी ताकात शिजवून आणली, मिठाची-ओव्याची. ती पाजताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि वहिनी माझ्यावरच ओरडल्या, की तिखट कुणी घातलं! तिखट नव्हतंच.

आणखी एक गोष्ट. सौदीत इंटरनेटवरून बोलण्यावरची बंदी नेमकी त्याच सप्टेंबरात उठली होती. घरोघरी लोक पहिल्यांदा बिनधास्त व्हिडिओ कॉल करत होते. याची आई कोल्हापूरहून रोज म्हणायची, अरे सगळ्यांची मुलं दिसतात, तूच का दिसत नाहीस? तो दातांतल्या दातांत सांगायचा, नेट स्लो आहे. सर्दी झालीय म्हणून आवाज असा येतोय. तोंड सुजून काळंनिळं, ते आईला कसं दाखवायचं? कावसजीचं ते वर्ष कसं गेलं असेल, याचा मला तेव्हा थोडाफार अंदाज आला.

तारा निघाल्यावर आम्ही तपासायला गेलो तेव्हा वॉर्डात बघितलं, सगळी तरुण पोरं. रियाध, जेद्दा, असीर, कुठल्याही भागातला या विषयावरचा अभ्यास काढा, कारणांत गाडीचे अपघात सगळ्यात वर, रोग्यांत तरुण पुरुष जास्त आणि मोडलेल्या हाडांत जबडा पुढं. पुढच्या सीटवर बेल्टची सक्ती इथं २००० साली आली, साहेरचे कॅमेरे २०१० साली लागले. तरी २०१६ साली नऊ हजारांवर माणसं रस्त्यावर गेली. त्यानंतर मात्र कॅमेरे बेल्ट आणि मोबाईलवरही नजर ठेवू लागले, दंड चुकेना, आणि २०२१ पर्यंत लोकसंख्येच्या मानानं मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. व्होल्वोच्या निल्स बोलिननं १९५९ साली जो तीन टोकांचा पट्टा बनवला, त्यानं जितके चेहरे वाचवले तितके कुठल्याही सर्जननं दुरुस्त केले नसतील. आमचे पुणेकर हेल्मेटविरुद्ध मोर्चे काढतात. आणि घालतात तेही बरेच जण हनुवटी उघडी ठेवणारं.

मित्राचा खालचा ओठ सहा-सात महिने बधिर होता. चहा ओघळायचा आणि त्याला कळायचं नाही. मग हळूहळू मुंग्या येऊ लागल्या आणि जाणीव परत आली. पुढं नोकरी बदलून तो पुण्याला गेला. मागच्या सुट्टीत मी त्याच्याकडे उतरलो होतो. दिवाळी चार दिवसांवर होती, पणत्या आणायला आम्ही कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेलो. एक म्हातारा चाकावर बसला होता. त्यानं ओल्या मातीची कड दोन बोटांत धरली, अंगठ्यानं जरा दाबली आणि तोंड वळवलं. मित्र बघत उभा राहिला. मी त्याला कावसजीची गोष्ट सांगितली, तशी ती त्याला दहा वेळा सांगून झालीय. परत येताना त्यानं चितळ्यांकडून चकलीचं पाकीट घेतलं आणि गाडीतच फोडलं. चावताना अजून त्याच्या डाव्या कानापुढं बारीकसा कट् आवाज होतो. गाडी तो चालवत होता. मी बेल्ट लावून शेजारी बसलो होतो.